पळालेला गुलाम धरून द्यायचा कोणी? १८५०चा अमेरिकी कायदा आणि उत्तर-दक्षिणेतली फूट

प्रश्न असा आहे: १८५०च्या जनगणनेत अमेरिकेत बत्तीस लाखांवर गुलाम मोजले गेले आणि त्या वर्षात पळालेले नोंदले गेले अवघे १,०११. म्हणजे तीन हजारांमागे एक. एवढ्याशा गळतीसाठी केलेला कायदा देश फोडायला कसा कारणीभूत ठरला? यादवी युद्ध नव्या प्रदेशांत गुलामगिरी न्यायची की नाही यावरून पेटलं असं आपण वाचतो, मग त्यात या कायद्याचा वाटा कितीसा?

वाटा मोठा आहे, आणि तो आकड्यांत शोधायला गेलं की सापडत नाही. कॅन्सससारख्या नव्या प्रदेशात काय चाललंय ते बॉस्टनचा माणूस वर्तमानपत्रात वाचायचा. हा कायदा मात्र त्याच्या गल्लीत येऊन त्यालाच कामाला लावायचा. तो कसा, हे कळायला कायद्याची यंत्रणा उघडून बघावी लागते. म्हणून आधी कलमं, मग माणसं.

सुरुवात १७८७च्या राज्यघटनेपासून. तिच्यात ‘गुलाम’ हा शब्द नाही. चौथ्या अनुच्छेदात एवढंच म्हटलंय की एका राज्यात सेवेला किंवा श्रमाला बांधील असलेली व्यक्ती पळून दुसऱ्या राज्यात गेली, तर तिथल्या कायद्याने ती मोकळी होणार नाही. तिच्या सेवेवर ज्याचा हक्क आहे त्याने मागणी केली की ती ‘स्वाधीन केली जाईल’. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो, आणि या कर्मणीतला कर्ता गायब आहे. स्वाधीन कोणी करायची? राज्याच्या शेरीफने, केंद्राच्या अधिकाऱ्याने, की शेजारपाजाऱ्यांनी? त्यात भर म्हणजे हे वाक्य काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अधिकारांच्या यादीत नाही, राज्यांनी एकमेकांशी कसं वागावं त्या भागात आहे. म्हणजे यावर कायदा करायचा अधिकार तरी काँग्रेसला आहे का, इथपासून वादाला जागा होती. पुढची सत्तर वर्षं भांडण झालं ते बहुतांशी या हरवलेल्या कर्त्यावरून.

पहिला कायदा १२ फेब्रुवारी १७९३चा, जॉर्ज वॉशिंग्टनच्या सहीचा. त्यात कर्ता होता खुद्द मालक. मालकाने किंवा त्याच्या माणसाने स्वतः जाऊन पळालेल्याला धरायचं, जवळच्या न्यायाधीशापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, तोंडी साक्षीने किंवा शपथपत्राने खात्री पटवायची, दाखला घ्यायचा आणि घेऊन जायचं. आडवं येणाऱ्याला ५०० डॉलर दंड. ज्युरी नाही, मुदत नाही; वीस वर्षांपूर्वी पळालेलाही धरता येई. पण पाठीशी सरकारी यंत्रणा काहीच नव्हती, खर्च आणि धोका दोन्ही मालकाच्या अंगावर. सही करणाऱ्याचाच अनुभव पाहा. १७९६ मध्ये ओना जज ही त्यांची गुलाम तरुणी फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून निसटली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोचली. वॉशिंग्टनने कोर्टाची वाट धरलीच नाही, तिथल्या कस्टम्सच्या अधिकाऱ्याकरवी गुपचूप प्रयत्न केले. जबरदस्ती केली तर गावात गडबड होईल असं त्या अधिकाऱ्याने कळवलं. ओना जज कधीच परत आली नाही.

गुलामगिरी संपवत आणलेल्या उत्तरेतल्या राज्यांनी यावर स्वतःचे कायदे केले. कारण साधं होतं: कोणीही यावं, काळ्या माणसाची मानगूट धरावी आणि ‘हा माझा’ म्हणून न्यावं, यात जन्मतः स्वतंत्र असलेली माणसंही पळवली जात होती. पेनसिल्व्हेनियाच्या १८२६च्या कायद्याने राज्याच्या दाखल्याशिवाय नेणं हे अपहरण ठरवलं. १८३७ मध्ये एडवर्ड प्रिग आणि सोबत्यांनी मार्गारेट मॉर्गन या बाईला तिच्या मुलांसकट मेरीलँडला नेलं. त्यातल्या निदान एका मुलाचा जन्म पेनसिल्व्हेनियाच्या मोकळ्या भूमीवर झालेला होता. खटला सुप्रीम कोर्टात गेला. १८४२ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी पेनसिल्व्हेनियाचा कायदा रद्द केला, पण निकालात एक फट ठेवली: फरारी गुलाम परत देणं ही केंद्राची जबाबदारी आहे, त्यामुळे राज्यांच्या अधिकाऱ्यांना या कामाला जुंपता येणार नाही.

ती फट उत्तरेने लगेच हेरली. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये जॉर्ज लॅटिमर हा फरारी गुलाम पकडला गेला, साठ हजारांवर सह्यांचा अर्ज विधिमंडळापुढे आला आणि १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने आपले न्यायाधीश, आपले पोलीस, आपले तुरुंग या कामासाठी बंद केले. १८४७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने तेच केलं. केंद्राचे न्यायाधीश एकेका राज्यात एक-दोनच. मॅजिस्ट्रेट हात झटकू लागल्यावर १७९३चा कायदा कागदावर उरला.

१८५०चा कायदा या पोकळीतून आला. जानेवारीत व्हर्जिनियाचे सिनेटर जेम्स मेसन यांनी विधेयक आणलं आणि ते त्या वर्षीच्या मोठ्या तडजोडीत गुंफलं गेलं: कॅलिफोर्निया मुक्त राज्य, राजधानीतला गुलामांचा बाजार बंद, टेक्सासच्या सीमेचा निवाडा, न्यू मेक्सिको आणि युटातल्या गुलामगिरीचा प्रश्न पुढे ढकललेला. दक्षिणेच्या पदरात रोख असं पडलं ते हेच. सिनेटमध्ये मतं पडली २७ विरुद्ध १२. सिनेटर साठेक, पण बेरीज त्याच्या जवळपासही जात नाही, कारण उत्तरेच्या बऱ्याच सिनेटरांनी मतदानाच्या वेळी बाहेर राहणंच पत्करलं. १८ सप्टेंबर १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी सही केली.

आता यंत्रणा. कायदा दहा कलमांचा, आणि खरी मेख पाचव्यापासून दहाव्यापर्यंत.

मालकापुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट घरच्या कोर्टातून जाणारी. आपल्याच गावच्या न्यायाधीशापुढे पुरावा द्यायचा की अमुक वर्णनाचा माणूस माझ्या सेवेला बांधील होता आणि पळाला. त्या नोंदीची शिक्क्याची नक्कल मिळाली की ती उत्तरेतल्या कुठल्याही सुनावणीत या दोन मुद्द्यांवर निर्णायक. समोरच्याला त्या नोंदीवेळी बोलावणं नाही, वकील नाही. तो तर शेकडो मैल दूर. दुसरी वाट म्हणजे थेट उत्तरेत येऊन शपथपत्रावर वॉरंट काढायचं, किंवा वॉरंटाशिवाय धरून आणायचं. पहिली वाट घेतली तर सुनावणीत उरतो एकच मुद्दा: कागदातला माणूस आणि समोर उभा असलेला माणूस एकच का? रंग, उंची, एखादा व्रण, एवढ्यावर हे ठरायचं. आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय त्याची साक्ष घ्यायची नाही, असं सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं.

सुनावणी कमिशनरपुढे. हा न्यायाधीश नव्हे. केंद्रीय कोर्टाने नेमलेला वकील, एरवी शपथपत्रं घेणं, जामीन ठरवणं असली कामं करणारा. त्याला पगार नाही, कामागणिक फी. दाखला दिला, म्हणजे माणूस मालकाच्या हवाली केला, तर १० डॉलर. दावा फेटाळला तर ५. समर्थक सांगत की दाखला द्यायचा तर कागदपत्रं जास्त लिहावी लागतात, म्हणून फी जास्त. हिशेब म्हणून ते खोटंही नाही. पण ज्याने हे कलम लिहिलं त्याला राजकारणाचा वास येत नव्हता असंच म्हणावं लागतं. पाच डॉलरची ही तफावत उत्तरेतल्या प्रत्येक सभेत, प्रत्येक प्रवचनात वाजवली गेली; गुंतागुंतीचा कायदा समजावून सांगायला वक्त्यांना याहून सोपं हत्यार मिळालं नसतं.

मार्शल म्हणजे केंद्राचा बेलिफ आणि पोलीस यांचं मिश्रण. त्याने वॉरंट घ्यायला नकार दिला तर १,००० डॉलर दंड. धरलेला माणूस त्याच्या ताब्यातून सुटला, मग त्यात मार्शलचा हात असो नसो, तर त्या गुलामाची पूर्ण किंमत मार्शलने भरायची. त्यामुळे मार्शल गरजेपेक्षा दुप्पट माणसं, बेड्या, पुढे पुढे तर सैनिकही घेऊन यायचे. वाटेत कोणी सोडवून नेईल अशी भीती आहे, असं मालकाने शपथेवर सांगितलं की गुलामाला मालकाच्या राज्यापर्यंत पोचवायचं काम अधिकाऱ्याचं आणि खर्च सरकारी तिजोरीचा. १७९३ मध्ये जो खर्च मालकाचा होता तो आता मॅसॅच्युसेट्सच्या सुताराच्याही करातून जाऊ लागला.

आणि मग रस्त्यावरचा माणूस. पाचव्या कलमाच्या शेवटी फर्मान आहे की गरज पडली तर सर्व ‘चांगल्या नागरिकांनी’ या कायद्याच्या अंमलबजावणीला मदत करावी. विनंती नव्हे, आज्ञा. अडथळा आणला, लपवलं, सोडवलं तर १,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, वर मालकाला दर गुलामामागे १,००० डॉलर भरपाई. मराठी वाचकाला इथे एक योगायोग थांबवतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ‘सदाचारी लोकांना’, निग्रो गुलामांसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल. चांगला माणूस कोणाला म्हणायचं, तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याची व्याख्या नेमकी उलटी होती.

कायद्यात काय नाही तेही पाहायला हवं. ज्युरी नाही. अपील नाही. मुदत नाही. एकदा दाखला मिळाला की कुठल्याही कोर्टाने कुठल्याही हुकमाने मालकाला अडवू नये असं कलम आहे, म्हणून बंदी प्रत्यक्षीकरणाचा (हेबिअस कॉर्पस), म्हणजे कैद कायदेशीर आहे का हे कोर्टाकडून तपासून घेण्याचा हक्क स्थगित होतो का, असा प्रश्न फिलमोरना सहीपूर्वी पडला. त्यांनी अॅटर्नी जनरल जॉन क्रिटेंडन यांना विचारलं; क्रिटेंडननी सांगितलं, होत नाही. हे नाव लक्षात ठेवा, दहा वर्षांनी परत येणार आहे.

यंत्रणा कुठे बिघडते ते तीन महिन्यांत दिसलं. सहीनंतर आठव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये जेम्स हॅमलेट या हमालीचं काम करणाऱ्या माणसाला धरून बाल्टिमोरला नेलं. लोकांनी ८०० डॉलर जमवून त्याला विकत घेऊन सोडवलं. डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियात अॅडम गिब्सनला कमिशनरने फरारी ठरवून दाखला दिला. मेरीलँडला पोचल्यावर खुद्द मालकाने त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, हा माझा माणूस नाही. ओळख हा एकच मुद्दा सुनावणीत उरला होता, आणि तोच चुकला होता. मालक प्रामाणिक निघाला म्हणून गिब्सन घरी आला. उत्तरेतल्या प्रत्येक स्वतंत्र काळ्या कुटुंबाने यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. हजारो माणसं सीमा ओलांडून कॅनडात गेली, त्यात वर्षानुवर्षं उत्तरेत संसार थाटलेली होती. जॉर्जियातून पळून बॉस्टनला आलेल्या विल्यम आणि एलेन क्राफ्ट या जोडप्याने थेट इंग्लंड गाठलं.

जे राहिले त्यांनी प्रतिकार केला. १८५१च्या फेब्रुवारीत बॉस्टनच्या काळ्या वस्तीतल्या लोकांनी शॅड्रॅक मिन्किन्सला भर कोर्टातून उचलून नेलं. एप्रिलमध्ये तिथेच टॉमस सिम्सच्या वेळी अधिकाऱ्यांनी धडा घेतलेला: कोर्टाच्या इमारतीभोवती लोखंडी साखळ्या ओढल्या होत्या आणि राज्याचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांना आत जाताना त्या साखळीखालून वाकून जावं लागलं. सिम्स सॅव्हानाला परत गेला. ऑक्टोबरात सिरॅक्यूजमध्ये जेरी नावाच्या माणसाला जमावाने सोडवून कॅनडाला पोचवलं.

पण त्या वर्षीची दक्षिणेच्या मनात रुतून बसलेली घटना ११ सप्टेंबरची, पेनसिल्व्हेनियातल्या क्रिस्टियाना गावची. मेरीलँडचा शेतकरी एडवर्ड गोर्सच मार्शलच्या माणसांना घेऊन आपले गुलाम न्यायला आला. विल्यम पार्कर या स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या माणसाच्या घराला वेढा पडला, चकमक झाली, गोर्सच मारला गेला. पार्कर कॅनडात पोचला. सरकारने खुनाचा खटला न भरता एकदम देशद्रोहाचा भरला, तोही ३८ जणांवर. सगळ्यात आधी उभा केला कॅस्टनर हॅनवे हा गोरा गिरणीवाला. त्याने केलं काय? घोड्यावर बसून तिथे आला आणि मार्शलच्या माणसाने हुकूम दिल्यावर मदत करायला नकार दिला. ‘चांगल्या नागरिका’च्या कलमाला देशद्रोहाच्या कलमाशी जोडण्याचा हा खटाटोप होता, आणि तो कोसळणारच होता: घटनेनुसार देशद्रोह म्हणजे देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, हात बांधून उभं राहणं नव्हे. न्यायमूर्ती ग्रिअर यांनी हॅनवेवर तोंडसुख घेतलं, पण कायद्याने हा देशद्रोह होत नाही हेही सांगितलं. ज्युरी पाऊण तासही बाहेर राहिली नाही. सुमारे पंधरा मिनिटांत निर्दोष. बाकीचे खटले सोडून द्यावे लागले. जास्त ओढलं की तुटतं, याचं हे उदाहरण. साध्या अडथळ्याच्या आरोपावर निदान काहींना शिक्षा झाली असती. आता दक्षिणेला दिसलं ते एवढंच: आमचा माणूस कायदेशीर काम करताना मारला गेला आणि कोणाला शिक्षा नाही.

त्याच काळात हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ हप्त्याहप्त्याने येत होती. ती लिहायला घेतली तीच या कायद्याच्या संतापात, आणि १८५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्यावर पहिल्या वर्षात अमेरिकेतच तिच्या तीन लाख प्रती खपल्या. तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून इथे एवढंच.

आता एकच खटला जवळून पाहू, कारण त्यात यंत्रणेचं प्रत्येक चाक दिसतं.

२४ मे १८५४ची संध्याकाळ, बॉस्टन. कपड्यांच्या दुकानात काम करणारा वीस वर्षांचा अँथनी बर्न्स घरी निघाला असता त्याला धरलं. सांगितलं काय, तर तू सराफाचं दुकान फोडलंस. ही ठरलेली युक्ती होती. चोरीचा आरोप म्हटला की रस्त्यावर कोणी मध्ये पडत नाही; फरारी गुलाम म्हटलं असतं तर पाच मिनिटांत जमाव. कोर्टाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नेल्यावर दार उघडून आत आला व्हर्जिनियाचा चार्ल्स सटल, त्याचा मालक. त्याने अदबीने टोपी काढून विचारलं, ‘काय मिस्टर बर्न्स, कसे आहात?’ बर्न्स त्याला ‘मास्टर’ म्हणून गेला.

हे दोन शब्द पुढे किती महाग पडले पाहा. रिचर्ड हेन्री डेना या वकिलाने फी न घेता त्याची बाजू घेतली. सटलच्या कागदांनुसार बर्न्स २४ मार्चला रिचमंडमधून पळाला. डेनाने एकामागून एक साक्षीदार उभे केले, त्यांनी शपथेवर सांगितलं की हा माणूस मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच बॉस्टनमध्ये आमच्यासोबत काम करत होता. म्हणजे कागदातला माणूस हा नव्हे. कमिशनर एडवर्ड लोरिंग यांच्यापुढे साक्षीला साक्ष भिडली. तेव्हा त्यांनी तराजू झुकवला तो त्या पहिल्या रात्रीच्या संभाषणाने: बर्न्सने सटलला ओळखलं, म्हणजे सटलचाच गुलाम हाच. ज्या कायद्याने त्याला साक्षीदार म्हणून तोंड उघडायला मनाई केली, त्याच कायद्याखाली त्याच्या तोंडून निघालेलं त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं. डेनाने हा विरोधाभास मांडला होता. चालला नाही.

मधल्या काळात २६ तारखेच्या रात्री जमावाने कोर्टाचं दार ओंडक्याने फोडायचा प्रयत्न केला. त्यात मार्शलचा मदतनीस जेम्स बॅचेल्डर मारला गेला. राष्ट्राध्यक्ष पिअर्सनी तारेने कळवलं, कायदा राबवण्यासाठी लागेल तो खर्च करा. काही बॉस्टनकरांनी १,२०० डॉलर देऊन बर्न्सला विकत घ्यायची तयारी केली, सौदा होत आला आणि फिसकटला. केंद्राच्या वकिलाला उदाहरण घालून द्यायचं होतं. २ जूनला बर्न्स कोर्टातून बंदरावर चालत गेला. सभोवती नौसैनिक, लष्कराच्या तुकड्या, मार्शलने भाड्याने जमवलेली माणसं आणि एक भरलेली तोफ. दुतर्फा पन्नास हजार लोक, दुकानांवर काळी फडकी, रस्त्यावर आडवी टांगलेली शवपेटी. एका माणसासाठी सरकारचे हजारो डॉलर गेले. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या वर्गणीतून त्याला १,३०० डॉलरला सोडवलं. तो ओहायोतल्या ओबर्लिनला शिकला, कॅनडात धर्मोपदेशक झाला आणि १८६२ मध्ये, तिशीही न गाठता, वारला.

तारखा जुळवून पाहा. ३० मे १८५४ रोजी, बर्न्स कोठडीत असतानाच, या दोन नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा निर्णय तिथल्याच रहिवाशांवर सोपवणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर पिअर्सची सही झाली. नव्या प्रदेशांचा प्रश्न आणि गल्लीतला प्रश्न एकाच आठवड्यात एकमेकांवर येऊन आदळले. बॉस्टनचे कापडगिरणीवाले दक्षिणेच्या कापसावर जगत. हा वर्ग तडजोडवादी, गुलामगिरी मुळातून बंद करा म्हणणाऱ्या निर्मूलनवाद्यांना डोकेफिरू म्हणणारा. त्यांच्यातल्या एमॉस लॉरेन्सने लिहून ठेवलंय की आम्ही रात्री व्हिग पक्षाचे जुने तडजोडवादी म्हणून झोपलो आणि सकाळी उठलो ते पक्के निर्मूलनवादी होऊन. फूट खोल होणं म्हणजे नेमकं काय, तर हे: मधली माणसं संपणं.

यानंतर कायद्याला कायद्याने उत्तर आलं. व्हरमाँटने १८५०लाच सुरुवात केली होती. १८५४-५५ मध्ये कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, मेन, मिशिगन आणि मॅसॅच्युसेट्सने ‘व्यक्तिस्वातंत्र्य कायदे’ केले. मॅसॅच्युसेट्सचा सर्वांत कडक: पकडलेल्याला ज्युरी, पुराव्याचा सगळा भार दावेदारावर, मालकाची वकिली करणाऱ्याला राज्याच्या कोर्टांची दारं बंद, आणि कमिशनरचं काम करणाऱ्याला राज्याचं पद नाही. लोरिंग राज्याच्या वारसा-कोर्टाचे न्यायाधीशही होते. १८५८ मध्ये त्यांना ते पद सोडावं लागलं. या कायद्यांनी प्रत्यक्षात सुटलेली माणसं मोजकीच, पण दक्षिणेच्या वर्तमानपत्रांत ते जसेच्या तसे छापून येत.

विस्कॉन्सिनमध्ये तर भूमिकाच उलटल्या. मार्च १८५४ मध्ये मिलवॉकीचा तुरुंग फोडून जोशुआ ग्लोव्हरला सोडवलं गेलं, संपादक शर्मन बूथवर खटला झाला, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने केंद्राचा कायदाच घटनाबाह्य ठरवून बूथला सोडलं. १८५९ मध्ये केंद्राचे सरन्यायाधीश टेनी यांच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने ते उलटवलं: केंद्राच्या ताब्यातल्या माणसाला राज्याचं कोर्ट सोडवू शकत नाही. त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने १७९८च्या केंटकी ठरावांची, म्हणजे दक्षिणेच्या राज्यहक्कवाद्यांच्या वेदवाक्यांची, भाषा उचलून निषेध केला. दक्षिण राज्यांच्या हक्कांसाठी लढली असं कोणी सांगितलं तर त्याला १८५० ते १८६० या दशकात नेऊन उभं करावं. केंद्राने राज्यांच्या डोक्यावर बसून कायदा राबवावा असा आग्रह दक्षिणेचा होता. राज्यहक्काची ढाल उत्तरेच्या हातात होती.

एक प्रकरण वाचताना आजही हात थबकतो. जानेवारी १८५६ मध्ये गोठलेली ओहायो नदी ओलांडून मार्गारेट गार्नरचं कुटुंब सिनसिनाटीत आलं. घराला वेढा पडल्यावर तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने मारलं. परत जाण्यापेक्षा मरण बरं. ओहायो राज्याला तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा होता, आणि निर्मूलनवादीही तेच मागत होते, कारण खुनाचा आरोप फक्त माणसावर होतो. केंद्राने तिला फरारी म्हणून केंटकीला परत पाठवलं. वाद वस्तूचा की व्यक्तीचा, हे इतक्या उघड दुसऱ्या कुठल्याच खटल्यात आलं नाही.

आता दोन गैरसमज. पहिला, हा कायदा फसला, कोणी पाळलाच नाही. तसं नाही. दहा वर्षांत नोंदलेली प्रकरणं सुमारे तीनशे, आणि कमिशनरपुढे पोचलेल्यांपैकी बहुतेक, दहात आठाहून जास्त, परत पाठवले गेले. गाजली ती सुटकेची प्रकरणं. मुकाट पार पडलेल्या सुनावण्यांना बातमीमूल्य नव्हतं.

दुसरा, दक्षिण चिडली ती नुकसानीमुळे. १८५०च्या जनगणनेत मेरीलँडमधून पळालेले २७९, साउथ कॅरोलायनातून १६. ज्या मेरीलँडला, केंटकीला, मिझुरीला खरी गळती होती ती राज्यं शेवटपर्यंत संघातच राहिली. सर्वांत आधी फुटली ती साउथ कॅरोलायना, जिच्या हद्दीतून पळून जाणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून म्हटलं की आकड्यांत उत्तर नाही. जॉर्जियाने डिसेंबर १८५०लाच ठराव करून सांगितलं होतं की या कायद्याच्या प्रामाणिक अंमलावर संघाचं टिकणं अवलंबून आहे. त्यामुळे बॉस्टनमधली प्रत्येक सुटका ही तिकडे कराराचा भंग म्हणून मोजली गेली, मग तो गुलाम कोणाचाही असो.

२४ डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाने फुटण्याची कारणं छापली. त्यात चौथ्या अनुच्छेदातलं ते बिनकर्त्याचं वाक्य उद्धृत केलंय आणि ते मोडणाऱ्या तेरा राज्यांची नावं दिली आहेत. जकातीचा उल्लेखही नाही. त्याच महिन्यात सिनेटमध्ये शेवटची तडजोड घेऊन उभे राहिले तेच जॉन क्रिटेंडन. त्यांच्या प्रस्तावात कमिशनरची फी दोन्ही बाजूंनी सारखी करावी आणि नागरिकांना जुंपणारं कलम आवरावं, असं होतं. पाच डॉलरची चूक दुरुस्त करायला दहा वर्षं लागली, तोवर ऐकणारे उठून गेले होते.

राष्ट्राध्यक्षपद स्वीकारतानाच्या ४ मार्च १८६१च्या भाषणात लिंकननी ते घटनेतलं वाक्य वाचून दाखवलं, पाळायचं वचनही दिलं, आणि सोबत व्यवहाराचा मुद्दा मांडला: आज फरारी निदान काही प्रमाणात परत मिळतात, वेगळे झालात तर मुळीच मिळणार नाहीत.

तो मुद्दा तीन महिन्यांच्या आत खरा ठरला. २३ मेच्या रात्री व्हर्जिनियात तीन गुलाम, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड, होडीतून केंद्राच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रोला आले. दक्षिणेच्या सैन्याने त्यांना तोफांचा मोर्चा बांधायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन दक्षिणेच्या बाजूचा मेजर केरी आला आणि फरारी गुलाम कायद्याखाली त्यांची मागणी केली. किल्ल्याचा प्रमुख बेंजामिन बटलर मूळचा मॅसॅच्युसेट्सचा वकील. त्याने सांगितलं, व्हर्जिनिया आता परका देश आहे असं तुम्हीच म्हणता, आणि परक्या देशाशी घटनेचं बंधन नसतं. मालकाने संघाशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि माणसं न्यावीत. केरी म्हणाला, पण तुमच्या मते आम्ही फुटूच शकत नाही. बटलर म्हणाला, तुमच्या मते फुटलात ना? मग युद्धसामग्री म्हणून मी यांना ठेवून घेतो.

मालक शपथ घ्यायला आला नाही. १७९३चा आणि १८५०चा, दोन्ही कायदे मात्र पुस्तकात राहिले, संघातल्या मेरीलँडचे मालक वॉशिंग्टन शहरात ते पुढेही वापरत होते. २८ जून १८६४ रोजी ते रद्द झाले. घटनेतलं वाक्य कोणी खोडलं नाही. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीनंतर त्याला अर्थ उरला नाही, एवढंच. चौथा अनुच्छेद उघडला तर ते आजही जागेवर आहे.